मोठ्या चावीचं घड्याळ

घड्याळांच्या कारखान्यात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे नाहीताई. पुढे पुढे पाठीमागचं नावही तोंडावर आलं आणि तिने त्यालाही ओ दिली. नाव काही उगाच पडलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी फोरमनने लेथ मशीन दाखवून विचारलं होतं, "हे चालवता येतं का?" तर ही म्हणाली, "नाही. तुम्हाला तरी पहिल्या दिवशी येत होतं का?" फोरमनला हसू आलं म्हणून ती टिकली. दुसरा कोणी असता तर दारातूनच परत पाठवली असती.

तिचं काम चाव्यांचं. मनगटी घड्याळाच्या कुशीला जे खाचाखाचांचं बोंड असतं, जे दोन बोटांत धरून आपण घड्याळाला चावी देतो, त्याला कारखान्यात नुसतं चावी म्हणत. पोलादाची सळई मशीनच्या जबड्यात धरायची, ती गरगर फिरायला लागली की पातं लावायचं, आणि सळईच्या टोकाला चावी आकार घ्यायची. काट्यांचं कौतुक होतं, तबकडीचं होतं, चावीकडे कोणी बघत नाही. ताईला त्याची खंत नव्हती. ती म्हणायची, "काटे मिरवतात, पण चावी नसली तर मिरवणार कशावर?"

तिचे वडील विमान शिकवायच्या मैदानावर मदतनीस होते. तिथलं विमान म्हणजे एकावर एक दोन पंखांचं, कापडाने मढवलेलं जुनं धूड. शिकणारा आणि शिकवणारा दोघेही उघड्यावर बसत. वर वारा इतका गार की जाड चामड्याचे, आतून लोकरीचे हातमोजे घालावेच लागत. एकदा एका शिक्षकाने आपले जुने मोजे वडिलांना दिले. घरात विमान नव्हतं, पण चूल होती, म्हणून आईने ते गरम भांडी उतरवायला घेतले. ताई लहानपणी त्या मोज्यांत हात घालून जमिनीवर सांडलेले दाणे उचलायला बघायची. दाणा दिसायचा, बोटं त्याच्यापर्यंत जायची, पण हाती काही लागायचं नाही. तिला त्याचा भयंकर राग यायचा. मोजे काढून फेकले की मग दाणे सरळ मुठीत येत.

ते मोजे पुन्हा हातात चढतील असं तिला वाटलं नव्हतं. पण "मोडेन पण वाकणार नाही" हे तिने जन्मभर लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेवटी बोटांनीच ते मनावर घेतलं. आधी सुई धरवेना, मग बटण लागेना. डॉक्टरांनी सांध्यांचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि कमी होईल असं मात्र म्हणाले नाहीत. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसलं की तासाभराने बोटं थोडी ऐकत. लेथची चाकं मोठी होती, ती तळहाताने फिरत, म्हणून कामावर निभावून जात होतं.

कारखान्याचा नियम होता: ज्याच्या हातात काही दुखणं, त्याने लेथवर बसायचं नाही. नियम वाईट नव्हता. लेथला माणसाचं बोट आणि पोलादाची सळई यातला फरक कळत नाही. ताईलाही हे ठाऊक होतं, पण लेथवरून उठणं म्हणजे काय हेही तिला ठाऊक होतं. सगळं आयुष्य त्या स्टुलावर गेलं होतं. म्हणून ती गप्प राहिली. कोणाशी बोलताना हात पाठीमागे, जेवताना मूठ मिटलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतातच.

घरात फक्त सुनेला माहीत होतं. ती रोज सकाळी सासूची बटणं लावून द्यायची आणि तिच्या मनगटावरच्या जुन्या घड्याळाला चावी द्यायची. याबद्दल दोघींत एक शब्दही व्हायचा नाही. ताई हात पुढे करायची, सून चावी फिरवायची, मग दोघी आपापल्या कामाला.

त्याच सुमारास मालकांची लेक शिकून परतली. कारखान्यात तिला छोट्या मॅडम म्हणत. हल्ली जो तो वेळ फोनमध्ये बघतो, घड्याळं पडून राहतात, म्हणून तिने एक नवी कल्पना आणली होती: जुन्या नावाजलेल्या विमानांवरून मनगटी घड्याळं. एकाचं पाठचं झाकण प्रवासी विमानाच्या अंगासारखं चकचकीत आणि पन्हाळीदार. एक पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं, त्याची काच जहाजाच्या खिडकीसारखी गोल आणि फुगीर. एक टपाल नेणाऱ्या विमानाचं, रात्री उजळणाऱ्या काट्यांचं. आणि चौथं, दोन पंखांच्या शिकाऊ विमानाचं.

"हे चौथं मला द्या," ताई म्हणाली. ती आपणहून काही मागते आहे हे ऐकून फोरमनने हातातला चहा खाली ठेवला.

छोट्या मॅडमनी तिला जुने फोटो दाखवले. एका फोटोत वैमानिक विमानाला टेकून उभा होता, कोटाच्या बाहीवरून घड्याळ बांधलेलं, हातात तेच जाड मोजे. घड्याळाची चावी मात्र कांद्याएवढी दिसत होती.

"इतकी मोठी कशाला?" ताईने विचारलं.

"मोजे न काढता फिरवता यावी म्हणून."

ताईने तो फोटो पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेला. त्याच आठवड्यात घरी ठिणगी पडली. सून सकाळी म्हणाली, "आई, आता पुरे झालं. फोरमनना सांगून टाका. उद्या बोट गेलं म्हणजे?"

"नाही."

"मग तुमची चावी तुम्हीच द्या," असं म्हणून सून निघून गेली.

दुपारी कोणीतरी वेळ विचारली. ताईने मनगट बघून सांगितली आणि सगळं खातं हसायला लागलं, कारण जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. घड्याळांच्या कारखान्यात बंद घड्याळ घालून फिरणारी ती पहिलीच. तीही हसली. मग हात धुवायच्या जागी जाऊन दार लावलं आणि स्वतःच तयार केलेली ती बारीक चावी फिरवायला बघू लागली. बोट लागायचं आणि सटकायचं, पुन्हा लागायचं, पुन्हा सटकायचं. चावी दिसत होती, बोटं पोचत होती, आणि हाती काही येत नव्हतं. तेव्हा तिला आईच्या चुलीपाशी सांडलेले दाणे आठवले. रागही तोच आला, लहानपणीचा, अंगभर.

परत येऊन तिने जाड सळई मशीनला लावली.

नमुने तयार झाले तशी मालकांच्या खोलीत बैठक भरली. मालक, छोट्या मॅडम, फोरमन आणि ताई. पहिल्या तीन घड्याळांवर मालक खूश झाले. चौथं उचलून त्यांनी ते कानाजवळ नेलं, मग डोळ्यांजवळ.

"हे घड्याळ आहे की नळाची तोटी?"

"बाबा, वैमानिक मोजे घालायचे," छोट्या मॅडम म्हणाल्या. "म्हणून चावी..."

"आपली गिऱ्हाइकं विमानातून उतरणार आहेत का? बाहीत अडकेल, मनगटाला टोचेल. बाकी सगळं छान आहे. बाजारात तयार चाव्या मिळतात, त्यातली एखादी नाजूक बसवा. विमानासारखं दिसलं की झालं."

छोट्या मॅडमनी मान खाली घातली. त्यांच्याजवळ फक्त फोटो होते, आणि फोटोला बाहीत अडकण्याचं उत्तर देता येत नाही.

"नाही," ताई म्हणाली.

मालकांनी वर पाहिलं. "काय नाही?"

"चावी बारीक होणार नाही."

"अहो ताई, पण एवढी मोठी चावी हवी आहे कोणाला?"

इथे ती गप्प बसली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. चावी गेली असती, लेथ राहिला असता. तिने फोरमनकडे एकदा बघितलं. मग टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि मुठी उघडल्या. पूर्ण उघडल्याच नाहीत, बोटं अर्ध्यात थांबली. सांधे सुजून गाठी गाठी झालेले.

"मला," ती म्हणाली.

मग तिने मनगटावरचं जुनं घड्याळ सोडवलं. पट्टा सोडवायलाच इतका वेळ लागला की छोट्या मॅडमचा हात मदतीला पुढे आला. "नाही," ताईने तोही थांबवला. घड्याळ टेबलावर धरून ती चावी फिरवू लागली. बोट सटकलं. परत लावलं, परत सटकलं. तिने घाई केली नाही. सगळ्यांनी नीट बघावं, नजर चोरू नये, एवढ्यासाठी ती सावकाश सटकू देत होती. मालकांनी नजर खिडकीकडे वळवली तेव्हा ती थांबली आणि त्यांनी परत बघेपर्यंत थांबून राहिली. मग जुनं घड्याळ बाजूला सारून तिने चौथा नमुना घेतला. चावी अंगठा आणि तळव्याच्या मध्ये धरली आणि फिरवली. करकर असा आवाज आला. पुन्हा करकर. घड्याळ चालू झालं.

"वैमानिक खाली उतरले की मोजे काढून ठेवत होते," ती म्हणाली. "माझे निघत नाहीत, मालक. असे मोजे घातलेली माणसं घरोघरी आहेत. दुसऱ्यापुढे हात करून घड्याळाला चावी देऊन घेतात, नाहीतर बंद घड्याळ घालून हिंडतात. तुम्हाला विमानासारखं दिसणारं घड्याळ हवं असेल तर तबकडीवर विमानाचं चित्र काढा. हे विमानाचं घड्याळ आहे."

मग फोरमन खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, उद्यापासून लेथवर बसता येणार नाही तुम्हाला."

"ठाऊक आहे. लेथसाठी मी बोललेच नाही."

मालकांनी चौथं घड्याळ हातात घेतलं आणि बोटं न वाकवता, नुसत्या तळव्याने चावी फिरवून बघितली. "पहिली खेप अशीच काढा," ते म्हणाले. "खपली नाही तर पुढच्या खेपेला चावी बारीक होईल."

"पुढचं भांडण पुढे करू," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या लेथवर दुसरी बाई बसली होती. ताई दारातच थबकली. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. कोणी बोलवेल म्हणून मात्र ती थांबली नाही. एक स्टूल ओढत नेलं आणि तपासणीच्या टेबलाशी बसली, कोणी बस म्हटलेलं नसताना. चौथ्या नमुन्याची घड्याळं समोर घेतली आणि एकेकाला चावी देऊन बघू लागली. एक चावी बोटांतून सटकली.

"नाही. खाचा उथळ आहेत. परत लेथवर."

"ताई, मापात आहे ते," फोरमन म्हणाला.

"तुमच्या मापात असेल. माझ्या हाताला बसत नाही ना, मग हे जाणार नाही."

लेथवरच्या नव्या बाईने कपाळाला हात लावला. तरीही तिने खाचा खोल केल्या. त्या दिवसापासून तेच माप ठरलं. कागदावर कोणी लिहिलं नाही, पण ताईच्या हातात फिरल्याशिवाय ते घड्याळ डबीत जात नसे. पहिली खेप खपली. घेणाऱ्यांत वैमानिक कोणी नव्हता, बऱ्याच जणांची बोटं मात्र ताईसारखी होती.

त्यातलं एक घड्याळ छोट्या मॅडमनी स्वतः ताईच्या उजव्या मनगटावर बांधलं. डाव्यावर जुनं होतंच; लेथ सुटल्या दिवसापासून सून त्याला पुन्हा रोज चावी देऊ लागली होती. सकाळी सुनेने बटणं लावून दिली आणि नव्या घड्याळाची मोठी चावी बघून हसली.

"आता स्वतःची स्वतः देता येईल तुम्हाला. जुन्याला मी चावी द्यायची ते बंद करू ना, आई?"

ताईने डावा हात पुढे केला.

"नाही," ती म्हणाली.