वॉर्डातलं द्राक्ष

माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. नाशिकला भद्रकालीच्या बाजारात भाजीवाले मला बघूनच भाव खाली आणायचे. सासूबाई म्हणायच्या, हिला वकील करायला हवं होतं. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या सहा वर्षांच्या लेकीला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि माझी बोलतीच बंद झाली. डॉक्टर आले की उठून उभी राहायचे, सिस्टर ओरडल्या की मान खाली घालायचे. जीव सारखा टांगणीला लागलेला.

तिला ठेवलं होतं त्या वॉर्डात तेव्हा एक संशोधन चालू होतं. परदेशात अशी मुलं ज्या औषधांनी बरी होत, ती आपल्याकडच्या अशक्त मुलांना किती आणि कशी द्यायची, हे बघायचं होतं. औषध फुकट मिळायचं, म्हणून तर ह्यांच्या सातपूरच्या कंपनीतल्या पगारात आमचा निभाव लागत होता. निम्मा खर्च परदेशातली एक संस्था करायची. पण अट अशी, की उरलेला निम्मा नाशिककरांनी उभा केला तरच. तो निम्मा एका मोठ्या द्राक्ष बागायतदारांच्या ट्रस्टकडून यायचा, आणि नव्या वर्षाचं अजून ठरायचं होतं. त्यांनी हात आखडता घेतला तर परदेशातलेही पैसे थांबणार, हे वॉर्डातल्या प्रत्येक आईला ठाऊक होतं. औषध मध्येच तुटलं की आजार उलटतो, हेही.

आणि नेमके ते बागायतदार वॉर्ड बघायला आले, तेव्हा माझ्या लेकीचे काउंट तळाला गेले होते. अंगात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. कच्चं काही द्यायचं नाही, फळ तर मुळीच नाही, पाणीसुद्धा उकळून, असं डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. शेजारच्या कॉटवरचं बाळ साध्या तापानं बघता बघता गेलेलं मी पाहिलं होतं.

बागायतदार आले ते स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची पेटी घेऊन. माणूस मायाळू होता, खोटं कशाला बोलू? कॉटवर टेकले, लेकीच्या केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवला, घडातलं एक द्राक्ष तोडलं आणि तिच्या तोंडाशी नेलं. फोटोवाला पुढे सरसावला. लेक माझ्याकडे बघायला लागली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आज संकष्टी आहे, साहेब. उपवास धरते ती, हौसेनं."

ते हसले. "अहो ताई, उपवासाला तर फळंच चालतात."

घ्या. घाबरलं की अक्कल शेण खायला जाते ती अशी. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर साहेबांनी ऐकलं असतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

द्राक्ष लेकीच्या ओठाला टेकलं आणि मी साहेबांचं मनगट धरलं. "नको," मी म्हटलं. "तिला कच्चं चालत नाही. जीव जाईल तिचा."

साहेबांचा चेहरा उतरला. द्राक्ष पेटीत ठेवलं, "जपा" म्हणाले आणि निघाले. पुढच्या कॉटपाशी थांबलेसुद्धा नाहीत. बाकीच्या आया माझ्याकडे बघत राहिल्या. ह्या बाईनं आपल्या पोरांचं औषध घालवलं, असंच त्यांना वाटत असणार.

पुढचे दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. सिस्टर आल्या की आधी ट्रेमध्ये इंजेक्शन आहे का ते बघायचे, मगच श्वास सोडायचे. लेकीचे काउंट हळूहळू वर आले. पुढे ती बरी झाली, ती त्याच औषधानं. पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं? ट्रस्टचे पैसे आल्याचं कळलं, तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

त्या संध्याकाळी डॉक्टर आले. बराच वेळ लेकीचा हात हातात धरून उभे राहिले. "ताई, मी बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "पण वाटलं, एका द्राक्षानं बहुतेक काही होणार नाही. औषध बंद झालं असतं तर अख्ख्या वॉर्डाचं..."

तोवर मी समजत होते, भीती फक्त आम्हा आईबापांना असते. डॉक्टर भीत नाहीत, म्हणून तर लेकीला त्यांच्या हवाली करून मी डोळे मिटायचे. आता मला जास्तच भीती वाटली. बरं, त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? त्यांना सगळ्याच मुलांचं बघायचं होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्हाला अख्खा वॉर्ड आहे. मला ही एकच आहे."