अकरावं कोकरू

"एक कमी हाय," हिरामावशी म्हणाल्या.

म्हसवडजवळच्या माळावर, त्यांच्या दारात आम्ही बसलो होतो. माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, नुकतंच शेवटचं पान वाचून डमी मिटली होती. डमी म्हणजे छपाईआधी घरीच कापून-शिवून केलेली पुस्तकाची नमुना प्रत. आम्ही दोघं मुलांसाठी साहसाची चित्रपुस्तकं करतो. तो लिहितो, मी रंगवते. दुसऱ्या दिवशी हे पुस्तक सांगलीच्या प्रेसमध्ये मशीनवर चढणार होतं.

गोष्ट सगू नावाच्या मेंढपाळाच्या पोरीची. कोयनेकडच्या घाटात, धुक्यात, तिचं एक कोकरू हरवतं आणि ती एकटी दरीत उतरते. हिरामावशींनी जन्मभर मेंढरं राखली. गोष्टीतली निम्मी अक्कल त्यांची, म्हणून पहिला मान त्यांचा. त्यांना वाचता येत नाही. दिलीप वाचत होता आणि त्या पानोपानी बोट ठेवून कोकरं मोजत होत्या.

"पयल्या चित्रात अकरा. हितं धाच. पोरगी आली घरी, पर कोकरू कुठं हाय?"

"आवं मावशी, ते घावलं की," दिलीप म्हणाला.

"कोण म्हंतंय? तू वाचलं न्हाईस, हिनं काढलं न्हाई."

मी डमी ओढून घेतली. शेवटच्या चित्रात सगू काळं घोंगडं पांघरून आईपुढं उभी. शेजारी मजकूर दोनच ओळींचा.

"दिलीप, ते वाक्य कुठं गेलं? आईनं घोंगड्यात हात घातला, तर आत काहीतरी ऊबदार धडधडत होतं?"

"मी काढलं. तू म्हणतीस न्हवं, माझ्या चित्राला जागाच ठेवत न्हाईस? म्हटलं, कोकरू तूच दाखव."

"अरे, मी ते मुद्दाम घोंगड्यात झाकलं! ते वाक्य मला इतकं आवडलं होतं, की चित्रानं आधीच सांगून टाकायला नको वाटलं."

आमच्या कामात एक नियम आहे. चित्रात दिसतं ते शब्दात पुन्हा सांगायचं नाही. आम्ही तो इतक्या प्रेमानं पाळला, की कोकरू दोघांच्या मध्ये दरीत पडलं. दोघांनाही ते घोंगड्यात आहे हे पाठ, म्हणून कितीदा वाचूनही कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. दिलीपचा राग आला आणि त्याच वेळी तो फार फार आवडला. पण तशीच छपाई झाली असती, तर कोकरू हरवलंच म्हणून मुलांनी पुस्तक मिटलं असतं.

मी प्रेसवाल्या मोहित्यांना फोन लावला.

"मॅडम, प्लेटा निघाल्यात." प्लेट म्हणजे ज्यावरून शाई कागदावर उतरते तो पत्रा.

"एकच पान बदलायचंय."

"उद्या धाच्या आत फाइल पायजे. नंतर मशीन थांबायचं न्हाई."

फोन ठेवला. मी म्हटलं, "तुझं वाक्य परत घाल. चित्र राहू दे."

"नको, तू कोकरू काढ. वाक्य नसलं तरी चालंल."

"तुला ते वाक्य किती आवडतं मला माहीत नाही का?"

हिरामावशींनी डोक्याला हात लावला. "आता बी दोगं एकमेकालाच द्याया लागला, तर कोकरू पुन्यांदा जायाचं! पोरी, तू नुसतं कान दाव. आन् तू, गुमान वाक्य लिव."

"पण मावशी, दोन्ही म्हणजे जास्त होईल," मी म्हटलं.

"कोकरू घावल्यालं कवा जास्त हुतंय व्हय?"

दिलीपनं डमी पिशवीत घातली आणि आम्ही निघालो.

साताऱ्याला घरी पोचल्यावर मी मूळ चित्र बाहेर काढलं. घोंगड्याच्या काठावर पांढऱ्या पोस्टर कलरनं दोन कान रंगवले. दिलीपनं वाक्य परत बसवलं. फाइल वेळेत गेली. पुस्तक आलं. शाळांमध्ये वाचायला जातो, तेव्हा दिलीपचं वाक्य पुरं व्हायच्या आत पोरं कानांवर बोट ठेवतात. त्याला याचा जरा राग येतो. मला येत नाही.

यातून शिकलो ते एवढंच. जोडीदारासाठी काही सोडलं, तर ते तोंडानं सांगावं. आणि पुस्तक छापायच्या आधी अशा माणसाला दाखवावं, ज्याला आपल्यापेक्षा मेंढरांची काळजी जास्त आहे.