पुराच्या रेघेवर हातभर

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाण्याची नळी धरणं. मिस्त्री लोक लेवल पाहायला वापरतात ती. एक टोक मी बाहेरच्या भिंतीवर पुराच्या रेघेला लावलं, दुसरं तिनं आत, मागच्या खोलीत धरलं. ती खोली पक्की करायला काढली होती. वर्षाचं खायचं धान ठेवायला सज्जा टाकायचा होता, अन् तो किती उंच घ्यायचा यावर आमचं भांडण होतं.

घर कारध्याला, वैनगंगेच्या काठाला. पावसाळ्यात अंगणात पाणी येते, त्याचं कोणाला काही नाही. घरात छातीभर पाणी मात्र माणूस जन्मात एखाद्या वेळी पाहते, कोणी पाहतही नाही. ज्यानं पाहिलं नाही तो म्हणते, असं होतच नसते.

माझ्या बापानं त्याच्या काळातल्या सगळ्यात मोठ्या पुराची खाच खांबावर केली होती. याच्या वर पाणी चढत नाही, म्हणे. मी ते खरं धरलं. लग्न होऊन आली तसं बायकोनं धान ठेवायची बांबूची माच खाचेच्या हातभर वर बांधायला लावली. मला राग आला.

"काहून वो, माह्या बापावर भरोसा नाई का?"

"मामाजीवर हाये. नदीवर नाई. तिले का खाच दाखवली तुमी?"

मग कित्येक पावसाळे माचेखाली पाणी फिरकलं नाही. दरवर्षी मी तिला चिडवायचो. "ये वो महाराणी, चढ आपल्या माडीवर!" तीही कमी नव्हती. "चढतो ना, खालून शिडी धरा," म्हणायची.

अन् मग तो पूर आला. बापाची खाच बुडाली. पाणी माचेच्या बांबूखाली येऊन थांबलं. गल्लीतलं सारं धान फुगलं, आंबलं. आमचं कोरडं. ओसरल्यावर शेजारच्या चुली आमच्याच धानावर पेटल्या. मी गावात छाती काढून फिरलो, जसं मलाच सुचलं होतं. तिनं फिरू दिलं.

नंतर भिंतीवर नवी रेघ मारली गेली. गावात आता सगळे त्या रेघेबरोबर बांधतात. मीसुद्धा मिस्त्रीला तेच सांगणार होतो.

"रेघेबरोबर घेऊ," मी म्हटलं. "याच्याहून मोठा पूर मी पायलाच नाई."

"तुमची उमर किती, अन् नदीची किती?" ती आतून म्हणाली. "मागचा हातभर चढला, तं पुढचा चढन नाई कायच्यावरून? हातभर वर घ्या."

"अन् त्याच्याई वर आला तं? आभाळाले टेकवू का सज्जा?"

"आला तं पुलावर जाऊन बसू दोघं. मी का देव हाओ? हातभर पुरन का नाई, मले का मालूम? पन जेवढं जमते तेवढं तं करा."

तिनं कोळशानं भिंतीवर हातभर वर खूण केली. मी हो म्हटलं नाही. जेवलो. जरा लवंडतो, ती म्हणाली. चहाच्या वेळी हाक मारली, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. सांजेला नदीकाठी अग्नी दिला.

पोरी रडल्या, गाव रडलं. मी सरणाजवळ उभा राहून एवढंच म्हणत होतो, की अशी बाई साऱ्या गावात एक झाली, अन् ती माझ्या घरी होती. आजही कोणी विचारो न विचारो, मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री ठरल्याप्रमाणे आला अन् अंगणातली माणसं पाहून फाटकातच थबकला.

मुलगा म्हणाला, "बाबा, तेरवी होऊ द्या. अन् रेघेबरोबरच टाकू सज्जा. एवढ्या उंच पोते कोन चढवन?"

"तेरवीपर्यंत मिरग लागते. तू चढवशीन."

तिचा भाऊ म्हणाला, "भाटोजी, सुतकात काम करते का कोनी?"

"मी करतो."

मिस्त्रीला आत नेलं. कोळशाच्या खुणेवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "बाबाजी, लय उंच होते."

"होऊ दे," म्हटलं, अन् धोतर खोसून रेती चाळायला घेतली.