कान टोचायचे राहिले

मुलगी चार महिन्यांची असताना नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं चित्र कागदावर काढून दाखवलं. मधल्या भिंतीला छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. डाउन सिंड्रोमचं तर ती जन्मली त्याच आठवड्यात कळलं होतं, त्यामुळे धक्के खायला मी सरावलोय असं मला वाटत होतं. थोडी मोठी झाली की ऑपरेशन करायचं ठरलं. आम्ही निघताना डॉक्टर म्हणाले, "तोपर्यंत हिला फार रडू देऊ नका. ओठ निळे पडले तर गुडघे छातीशी दाबून धरा आणि लगेच दवाखाना गाठा."

मी मध्य प्रदेशात, बालाघाटच्या एका कचेरीतला कारकून. न पाळता येणारे आदेश मी रोज वाचतो. पण तान्ह्या बाळाला रडू देऊ नका, हा त्या सगळ्यांवर कडी करणारा होता.

आम्ही मात्र तो पाळला. कुकर माळ्यावर गेला, भात पातेल्यात शिजू लागला. शेजारच्या भाभी घंटी न वाजवता खिडकीतून "सो गई क्या?" असं कुजबुजत विचारायच्या. जावळ लांबणीवर पडलं. माझा चष्मा, बायकोचं मंगळसूत्र, एकदा तर आईची जपमाळ, मागेल ते तिच्या हातात पडायचं. वर्षाची होईपर्यंत पोरगी पक्की लबाड झाली. खालचा ओठ नुसता वळवला की तीन मोठी माणसं धावतात, हे तिला पुरतं कळलं होतं. हिला सगळं उशिरा जमेल असं जो तो सांगायचा. हे मात्र तिला भलतंच लवकर जमलं.

आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आमच्या घरात मुलीचे कान बाराव्या दिवशी टोचतात, तेही वारासिवनीच्या एका ठरलेल्या सोनाराकडून. हिच्या बाराव्या दिवशी ही काविळीने दवाखान्यात होती, म्हणून ते राहून गेलं होतं.

"पोरीचे कान असेच ठेवशीन का?" ती विचारायची.

"रडेल ती, आई."

"एवढुसं तं काम हाये."

"ऑपरेशन झाल्यावर टोचू."

"हौ, झाल्यावर," असं म्हणून ती दुसरीकडे बघायची. 'झाल्यावर' हा शब्द मी इतक्या सहज वापरायचो आणि दर वेळी मला त्याची भीती वाटायची.

एका दुपारी मी जेवायला आलो आणि हेल्मेट न काढताच घरात शिरलो. पोरीने मला ओळखलंच नाही. तिने असा काही टाहो फोडला की बघता बघता ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले. बायकोने तिचे गुडघे छातीशी दाबून धरले. मी हेल्मेट घालूनच उभा होतो. "धरा ना जरा," बायको म्हणाली, पण मी धरलं नाही. रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत रंग परतला होता आणि ती कंपाउंडरच्या खिशातलं पेन ओढत होती. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. मी कचेरीत परत गेलो आणि एकच कागद तीनदा वाचला.

ऑपरेशन झालं तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. ते सहा तास मी बाकावर बसून काढले, त्याबद्दल मला फारसं काही आठवत नाही. छातीवर मधोमध एक सरळ रेघ घेऊन ती घरी आली. कुकर खाली उतरला, पण आमची धावायची सवय काही सुटली नाही.

सहा महिन्यांनी तपासणीत आईने नागपूरच्या डॉक्टरांना आधी कानांचंच विचारलं. ते हसले आणि हो म्हणाले, वर टोचण्याआधी घ्यायचं एक औषध लिहून दिलं. त्याच आठवड्यात आम्ही वारासिवनीला गेलो.

सोनाराने तार डाव्या कानातून काढली. पोरगी आधी चकित झाली, मग तिने दुकान डोक्यावर घेतलं. सवयीने आईचा हात बिस्किटासाठी पिशवीत गेला, बायको तिला उचलायला वाकली, मी खिशातून किल्ल्या काढल्या. आणि तिघंही तिथंच थांबलो. कानाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ लाल होते. ती श्वास घेऊन पुन्हा नव्याने सुरू करत होती, तरी लालच होते.

"चुप कराओ भई बच्ची को," सोनार वैतागून म्हणाला.

बायकोने हलकेच नकाराची मान हलवली. मी किल्ल्या खिशात टाकल्या आणि या वेळी तिला मी मांडीवर घेतलं, उजवा कान सोनाराकडे करून.

"रडू दे तिले," आई पदराने डोळे पुसत म्हणाली. "लई दिवसाचं राह्यलं तिचं."