सखूबाईंचं पान

पगार सर पोथी हातात आली की आधी मजकूर वाचतच नसत. पान उन्हात तिरकं धरायचे, कोपऱ्यांवरून बोट फिरवायचे, वास घ्यायचे. नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा ते तिथं इतिहास शिकवत. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"काय लिहिलंय ते पंडित सांगतील हो मॅडम. मला वाचणारा बघायचाय," असं ते म्हणत. तेलाचा डाग दिसला की, "हा गडी दिव्याला अगदी खेटून बसायचा." एखाद्याच पानाचा कोपरा काळवंडलेला असला, तर ती कथा लोक पुन्हा पुन्हा वाचायला लावत असणार. "एकट्यानं, मनातल्या मनात वाचणं ही आपली चैन. तेव्हा एक जण मोठ्यानं वाचायचा आणि गल्ली ऐकायची."

जुन्या पोथ्या लोक गोदावरीत, म्हणजे इथल्या गंगेत, सोडतात, म्हणून सर रविवारी सकाळी घाटावर जात. एकदा मीही गेले. येवल्याची एक पन्नाशीची बाई लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन पायऱ्या उतरत होती.

"ताई, सोडायच्या आधी एकदा बघू का?" सरांनी विचारलं.

"बघा की. पण माघारी न्यायची नाय. वाचता कुणालाच येत नाय घरात. सासूनं जाताना सांगितलंय, गंगेत सोड म्हणून."

हाती लिहिलेली, सुटी पानं होती. सर एकेक उलटत गेले आणि मध्येच थांबले. एका पानाच्या कडेला काजळानं वेडीवाकडी अक्षरं काढली होती.

"सखू," त्यांनी वाचलं. "तीनदा लिहिलंय. दोनदा चुकलंय. तिसऱ्यांदा जमलंय."

बाई पायरीवर बसली. "सखूबाई म्हंजी माझी आजेसासू! पण तिला कुठं अक्षर येत होतं? बायांनी लांब बसून ऐकायचं, पोथीला हात नाय लावायचा, असं होतं आमच्यात."

"लावला होता तिनं," सर हळूच म्हणाले.

बाईनं काजळाच्या अक्षरांवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "या पानावर काय हाय, ते वाचा की मोठ्यानं."

सर वाचायला लागले. आंघोळ करून निघालेली माणसं ओल्या कपड्यांनी थांबून ऐकू लागली. वाचून झालं तशी ती उठली आणि सासूच्या शब्दाप्रमाणे पोथी पाण्यात सोडली. तेवढं एक पान मात्र तिनं फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

परतताना मला राहवलं नाही. "सर, ते पान मागून घ्यायचं ना! जन्मभर असंच काहीतरी शोधत होतात तुम्ही."

मन भरून आलं की त्यांच्या तोंडी सटाण्याकडची अहिराणी यायची.

"ती त्यासना घरनी पहिली शिकेल बाई शे," ते म्हणाले. म्हणजे त्यांच्या घरातली पहिली शिकलेली बाई. "तिला मी माझ्या कपाटात कशी कोंडू, मॅडम?"