गायरानाची अर्धल

मला लहानपणापासून नसत्या चौकशा करायची खोड आहे. आई म्हणायची, चुलीवर काय शिजतंय याच्यापेक्षा हिला धूर कुठं जातो त्याचंच पडलेलं. लग्न होऊन केज तालुक्यातल्या या गावात आले, लेकरं झाली, शिलाई मशीन घेतली, बायकांचे ब्लाउज शिवता शिवता चाळिशी उलटली, पण खोड काही सुटली नाही. आमच्या गायरानावर सोलरच्या प्लेटा बसायला लागल्या तेव्हा सगळं गाव विचारत होतं की लाईट कधी येणार, आणि मी विचारत होते की ह्या प्लेटांच्या खाली काय उगवणार. मालक वैतागून म्हणाले, "तुला काय करायचंय? तिथं बाज टाकून झोपायचंय का?"

एक आधीच सांगून टाकते. त्या प्लेटा मला पाहिजे होत्या. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला लाईट मिळायची ती रात्रीची. थंडीत मालक बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जायचे आणि मी घरात फोन हातात धरून बसायचे. एकदा त्यांच्या पायावरून साप गेला. चावला नाही, नुसता गेला, पण तेव्हापासून ते रानात निघाले की मी दर घटकेला फोन लावायचे. सोलर झालं की शेतीची लाईट दिवसा मिळणार, हे ऐकलं तेव्हा मी मशीनवरून उठून देवापुढं साखर ठेवली. त्यामुळं सोलरला कुणी नावं ठेवली की मी आजही भांडते.

पण गायरान रिकामं पडलंय, असं जे लोक म्हणत होते, ते मला पटत नव्हतं. रिकामं कसलं डोंबलाचं? तिथं मावशीच्या शेळ्या चरायच्या. ही मावशी माझ्या नात्यातली नव्हे. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत एकटी राहणारी, साठी ओलांडलेली बाई. जमीन एक गुंठा नाही. तरुणपणी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. नवरा वारला, कंबर धरली, मग गावातच राहिली. माझ्याकडं फाटलेलं लुगडं शिवून घ्यायला यायची आणि एकदा बसली की लवकर उठायची नाही. ती उठू नये असंच मला वाटायचं, कारण माझ्या चौकशांना न कंटाळणारं गावात तेवढं एकच माणूस होतं.

आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि अर्धं गाव ऊसतोडीला जातं. घराला कुलूप लावता येतं, शेळीला कसं लावणार? म्हणून जाताना लोक आपल्या शेळ्या मावशीच्या दारात आणून बांधायचे, अर्धलीनं. म्हणजे शेळी तुमची, राखण माझी, आणि जी पिलं होतील ती निम्मी तुमची, निम्मी माझी. याला कागद लागत नाही की साक्षीदार लागत नाही. उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या की मावशी ज्याची शेळी त्याच्या हातात देणार आणि पिलं वाटून घेणार. इतक्या वर्षांत आपल्याकडून कुणाची शेळी गेली नाही, याचा तिला भारी तोरा होता.

सोलरचा ठराव जानेवारीत, झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत आला. तेव्हा टोळ्या पार लांब कारखान्यांवर. शाळेच्या पटांगणात बसलो होतो ते सगळे जमीनवाले, पगारवाले आणि म्हातारेकोतारे. सरपंच म्हणाले, "गायरान गावाचंच ऱ्हाणार. कंपनी नुसती सांभाळणार."

मागच्या बाजूला मावशी उठली. "मंग पिलाचं कसं?"

सगळे हसले. पुढून कुणीतरी म्हणालं, "मावशे, प्लेटा काय पिलं घालत न्हाईत." पुन्हा हशा झाला. मावशी काही बसेना. "ज्यांच्या शेळ्या तिथं चरत्यात ते तोडीला गेल्यात. ते येऊस्तोवर थांबा की." सरपंच म्हणाले की वरून लई घाई हाय, आणि हात वर करायला सांगितलं. मी केला. आज विचारलं तरी करीन. पण मावशी नेमकं काय विचारत होती ते मला कळलं नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट माझ्या डोक्यात वळवळत राहते.

टोळ्या परत आल्या तेव्हा गायरानात खांबांचे खड्डे चालू होते. माणसांनी चार शिव्या हासडल्या आणि रोजानं तेच खड्डे खणायला गेली. पावसाळा संपता संपता प्लेटा बसल्या. भोवती जाळीचं कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकावर वॉचमन. पुन्हा दसरा आला आणि लोक मावशीला विचारायला लागले, औंदा शेळ्या ठिवायच्या का न्हाई? मावशी म्हणाली, "ठिवा की. कावून न्हाई?"

मला राहवलं नाही. मी तिच्या घरी गेले. "मावशी, एवढ्या शेळ्या ठेवून घेतल्यास, चारणार कुठं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच येडी. "निम्मं आपलं न्हाई का?"

मग तिनं मला समजावून सांगितलं. सरपंचांनीच भर सभेत सांगितलं की गायरान गावाचं आणि सांभाळणार कंपनी. म्हणजे अर्धलच झाली. लाईट झाली तर निम्मी लाईट गावाची, गवत झालं तर निम्मं गवत गावाचं. "मी तेच तर इचारलं त्या दिशी, पिलाचं कसं. कुणी न्हाई म्हणलं का? नुसते हसले. म्हंजी मान्यच की, माय."

मला हसू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. तिचं चुकतंय एवढं कळत होतं, पण कुठं चुकतंय ते सांगता येईना. घरी येऊन मालकांना विचारलं. ते म्हणाले, भाडेपट्टा वेगळा, अर्धल वेगळी. मी विचारलं, कशी वेगळी? भाडं ग्रामपंचायतीत जाणार, दिवसाची लाईट आपल्या मोटारीला येणार, मग जिला ना मोटार ना विहीर तिच्या वाट्याला काय? मालक म्हणाले, "जेवू देतीस का मला?"

टोळ्या गेल्यावर मावशी शेळ्या घेऊन फाटकावर गेली. वॉचमन गावातलाच होता, त्यानं गोडीत सांगितलं, "मावशे, आत करंट हाय. कुणालाच सोडायचं न्हाई." ती म्हणाली, आमचं निम्मं कुठंय ते तरी दाखव. त्यानं फाटकाला कुलूप घातलं. ती दिवसभर जाळीच्या बाहेर बसून राहिली आणि सांजच्याला शेळ्या उपाशी परत आणल्या.

मग सुरू झाली नुसती वणवण. रस्त्याच्या कडेची सुबाभूळ तोडून तोडून तिनं बोडकी केली. लोक बांधाला उभं करेनात. आमच्या बांधावर मी चारू द्यायचे, पण आमचा बांध तो केवढा! संक्रांत झाली तोवर शेळ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. युसूफ वडगावच्या बाजाराला जाणारा एक व्यापारी पिकअप घेऊन तिच्या गल्लीत घिरट्या घालायला लागला. म्हणायचा, "म्हातारे, मरून जात्याल. त्याच्यापरीस दे मला." ती म्हणायची, "माझ्या न्हाईत त्या."

एके दुपारी माझ्या मशीनपाशी येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "जन्मात येवढंच कमावलंय, बाई. लोक माझ्या दारात शेळी बांधून निर्धास्त जात्यात. ते आले आन् मोकळी दावी दाखवायची पाळी आली, तर मी गावात तोंड कुठं लपवू?" मी उठून चहा ठेवला.

त्यानंतर आठवडाभरात तिच्या दारात कडब्याच्या पेंढ्या दिसल्या. कुठून आणल्या म्हणून विचारलं, तर म्हणाली, आणल्या. आणि मी, एवढी चौकस बाई, त्याच्यापुढं विचारलं नाही.

कडबा संपत आला तेव्हाची गोष्ट. मी विहिरीकडं चालले होते आणि सवयीनं कुंपणाला नाक लावून आत बघितलं. टँकर लावून माणसं प्लेटा धूत होती. धूळ बसली की लाईट कमी होते म्हणून त्या धुवाव्या लागतात. धुतलेलं पाणी सगळं खाली गळत होतं, आणि प्रत्येक ओळीच्या खाली हिरवंगार, गुडघ्याएवढं गवत होतं. चौफेर रान वाळून पिवळं पडलेलं आणि इथं सावलीत गवत माजलेलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं कंपनीच्या सुपरवायझरला हाक मारली.

सुपरवायझर परजिल्ह्यातला, पोरगेलासा, पण वागायला चांगला. जाळीपाशी आला. मी म्हणाले, शेळ्या सोडा की आत. तो म्हणाला, "काकू, शेळ्या प्लेटांवर चढतील. वायरी चावतील." हे खरंच होतं. शेळी चढत नाही अशी जागा देवानं केलेली नाही. मग गवताचं काय करता? तर म्हणाला, आधी कापायचं मशीन लावलं होतं, पण खडे उडून प्लेटा फुटल्या. आता औषध आणलंय, परवा फवारणार.

"कसलं औषध?"

"तणनाशक."

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बाहेर मुकी जनावरं उपासानं मरायला लागलीत आणि तुम्ही हिरव्या चाऱ्याला विष घालताय, लाजा वाटू द्या, एवढं आठवतं. तो बिचारा म्हणाला, नियम आहे. मी विचारलं, विळ्याला नियम आहे का? विळ्यानं खडा उडत नाही. आम्ही बायका कापतो, वायरीला बोट लावत नाही. तुमच्या वरच्या माणसाला फोन करा, आणि आत्ता करा, माझ्यासमोर. त्यानं केला. बराच वेळ हो सर, हो सर चाललं होतं. मी उन्हात तशीच उभी. शेवटी म्हणाला की चालेल, पण सकाळच्याच वेळी, आणि पायात बूट पाहिजेत.

आता बूट कुठून आणायचे? मालकांचे चिखलातले रबरी बूट मी मावशीला दिले. तिचे पाय त्यात हरवून जायचे, पुढं चिंध्या कोंबल्या तेव्हा कुठं ती चालायला लागली. प्लेटांच्या खाली वाकून बसलो तर काय गार वाटलं! इतक्या चौकशा केल्या, पण तिथं एवढा गारवा असेल हे काही मला सुचलं नव्हतं. पहिला भारा बांधून मावशी फाटकावर आली आणि सुपरवायझरला म्हणाली, "ह्याच्यातलं निम्मं तुमचं." तो हसला. "आजी, मी गवत खातो का? सगळं न्या." ती हसली नाही. म्हणाली, "मंग तुमचं निम्मं माझ्याकडं उसनं."

मला रागच आला. म्हटलं, मावशी, फुकटात त्यांचं तण काढून देतोय आपण, वर उसनं कसलं? ती म्हणाली, "त्यांनी रीत मोडली म्हणून मी कावून मोडू?"

शेळ्या जगल्या. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या आणि माणसं एकेक करून तिच्या दारात आली. मी मुद्दाम बघायला गेले होते. ज्याची शेळी त्याच्या हातात, कुणाची गाभण, कुणाची पिलासकट. मावशी नुसती खुलली होती. उपासमारीत बरीच पिलं गेली, त्यामुळं वाटण्या करून तिच्या वाट्याला एकच पिलू आलं, पण शेळी एकाचीही कमी भरली नाही. सगळे गेले आणि अंगणात नुसती दावी राहिली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशीच्या स्वतःच्याही शेळ्या होत्या. पांढऱ्या कानाची काळी शेळी तर तिच्या अंथरुणापाशी झोपायची.

"मावशी, तुझ्या कुठंयत गं?"

ती पिलाचे कान खाजवत होती. "कडबा काय फुकट येतो का, बाई?"

लोकांच्या शेळ्यांना चारा घालायला तिनं आपल्या शेळ्या त्या पिकअपवाल्याला देऊन टाकल्या होत्या. मला रडूही आलं आणि संतापही आला. कुणाचा संताप, ते धड सांगता येईना. घरी आले तर आमची मोटार चालू होती, भर दुपारी, आणि मालक लिंबाखाली निवांत झोपले होते.

मे महिन्यातल्या ग्रामसभेला मावशी पिलू काखेत मारूनच आली. या वेळी पटांगण भरलेलं होतं, टोळ्यांची माणसं मागं दाटीवाटीनं बसली होती. कंपनीच्या सुपरवायझरलाही बोलावलं होतं. मावशी सरळ पुढं गेली आणि पिलू त्याच्या पायाशी सोडलं.

"हे तुमचं. तुमचं निम्मं गवत उसनं नेलतं, त्याचं."

तो गडबडून उठला. "आजी, असू द्या हो. तुम्हाला राहू द्या."

"न्हाई. घ्या. अर्धल म्हंजी अर्धल." मग ती सरपंचाकडं वळली. "कंपनीचं निम्मं पोचतं केलं. आता लाईटीतलं गावाचं निम्मं काढा. ज्यांच्या शेळ्या व्हत्या ते बी बसल्यात आता. पिलाचं कसं?"

या वेळी कुणी हसलं नाही. पिलू सुपरवायझरच्या बुटाची लेस चावत होतं. मागं बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

हात वर करा, असं अजून कुणी म्हणालं नव्हतं. मी केला.