डोणीवरचे नाव

माण तालुक्यातले गाव सोडले तेव्हा हौसाआत्या फाट्यापर्यंत आली होती. फाट्यावर मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे. तिच्या काठावर माझी बॅग टेकवून आत्या म्हणाली, "पेपरात चाललायस. इचारून लिवत जा, बाबा." एसटी सांगलीची होती.

सांगलीत नदीलाही पाणी होते आणि नळालाही. मी दाढी एका तांब्यात उरकायचो. रूमवरचे म्हणायचे, "दुष्काळी आला रं."

कामावर शिकवले गेले की दोन ठिकाणी सापडेल तेच छापायचे. पुढे इंटरनेट आले. एका ऑनलाइन ज्ञानकोशात गावाचे पान रिकामे दिसले, म्हणून मी चार ओळी भरल्या. डोण पाटलांनी बसवली, असे त्यात लिहिले. कोणाला विचारले नव्हते. गावातले मोठे काम पाटलांचेच असणार, असे धरले होते.

आता मी नव्या लेखकांसाठी ऑनलाइन संदर्भांची यादी करतो. शब्दकोश, जुन्या गॅझेटियरच्या स्कॅन प्रती, नकाशे. यंदा प्रत्येक संकेतस्थळ तपासायला गावाचे नाव टाकले. तीन ठिकाणी डोण पाटलांची निघाली. वाक्य माझेच होते, स्वल्पविरामासकट.

त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला. "पंचायतीनं डोणीवर पाटलांची पाटी लावली. नेटवरनं काढलंय म्हनं. हौसाअक्का तवापासनं तिकडं फिरकली न्हाई. बोरमाळ मोडून बसवलीय तिनं ती डोण."

मी ज्ञानकोशातली ओळ दुरुस्त केली. दोन दिवसांत जुनी ओळ परत आली. शेरा होता, 'संदर्भ नाही.' जुन्या ओळीला आता तीन संदर्भ होते. गावी गेलो. सरपंच म्हणाले, "नेटवर बदला, लगेच पाटी बदलतो."

आत्या शेंगा फोडत बसली होती.

"तूच लिवलंस, व्हय?"

"व्हय."

"मग इचारायला मी काय मेले हुते?"

तिने चहा दिला. मग मी वही काढली आणि विचारले. तिने सगळे सांगितले. दगड कुठल्या खाणीतला, गाडीवान कोण, त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून किती मेंढरे पडली होती. निघताना मात्र ती फाट्यापर्यंत आली नाही. डोणीपाशी बॅग मी जमिनीवर ठेवली.

बाहेर पडलेल्यांना गाव आता आधी पडद्यावर दिसते. मलाही तसेच दिसायचे. हा मजकूर छापला गेला की तोही एक संदर्भ होईल. म्हणून नोंदवतो: फाट्यावरची डोण हौसाबाईंनी स्वतःची बोरमाळ मोडून बसवली. या वेळी त्यांना विचारले आहे.